कुरडयांची राखण

"वहिनी, तुमच्याकडे काही मेलंय का?"

दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दुसाने उभे होते. नाकाला रुमाल. त्यांच्या मागे जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कोठावदेबाई, त्यांच्या नाकाला पदर. शनिवारची सकाळ होती, अजून आठही वाजले नव्हते.

"मरायला काय झालंय? सगळे ठणठणीत आहोत," मी म्हणाले.

"तसं नाही हो. वास. परवापासून जिन्यात येतोय. डक्टमध्ये उंदीर मेला असेल म्हणून काल माणूस उतरवला. तो म्हणाला, वास चौथ्या मजल्याचा आहे."

चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आणि समोरचा एक, त्याला वर्षभर कुलूप. तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता.

"गहू आहेत ते," मी म्हणाले. "कुरडयांचे. तीन दिवस भिजत ठेवावे लागतात. असाच वास यायला हवा. आता कुणी घरी करत नाही, म्हणून लोकांना माहीत नसतं."

दुसान्यांनी रुमाल जरा बाजूला केला, एक श्वास घेतला आणि पुन्हा रुमाल लावला.

"वहिनी, माझी आई दरवर्षी दोन पायल्यांच्या कुरडया करायची. गव्हाला आंबूस वास येतो. हा तो नव्हे."

दार लावून मी वळले, तर आमचे हे पेपरच्या आडून म्हणाले, "पाणी बदललं नाहीस."

"कसलं पाणी?"

"गव्हाचं. रोज बदलावं लागतं."

"मग सांगायचं नाही का?"

"बुधवारी सांगितलं होतं. तू म्हणालीस, पुरुषांनी यात पडू नये."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते आणि मला सगळं येतं असा माझा समज अजून शाबूत होता. त्या उन्हाळ्यात मुलगी तिच्या जुईला घेऊन आमच्याकडे नाशिकला आली होती, मुलगा पराग, सून गौतमी आणि नात रेवा तर घरातलेच. इतकी माणसं एका छपराखाली, पण एक टीव्हीसमोर, एक कॉम्प्युटरसमोर, एक मोबाइलमध्ये, आणि अकरा वर्षांची रेवा कुठल्या तरी कोपऱ्यात पुस्तकात नाक खुपसून. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. एका दुपारी मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि जाहीर केलं, की या रविवारी आपण सगळ्यांनी मिळून कुरडया करायच्या. टीव्ही बंद, मोबाइल बंद, पुस्तकंसुद्धा बंद.

"पुस्तक पण?" रेवाने विचारलं.

"पुस्तक पण. सगळ्यांनी हात लावायचा. आमच्या वेळी चाळीसगावच्या घरी पहाटे चारला चूल पेटायची. भिजल्या गव्हाचा चीक घोटून घोटून दंड भरून यायचे. पण काय मजा यायची!"

हे भाषण मी तीस वर्षं करत होते. शेजारी केलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये केलं, भिशीत केलं. इतक्या वेळा केलं, की माझे दंड खरोखरच भरून यायचे असं मलाही वाटू लागलं होतं. खरी गोष्ट अशी, की मी जन्मात कधी चीक घोटला नव्हता. सोऱ्यातून एक कुरडई पाडली नव्हती. चाळीसगावच्या आमच्या घराचं छत मातीचं आणि सपाट, त्याला आम्ही धाबं म्हणायचो. लग्न होऊन गेले त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझ्या हातात एक काठी दिली आणि म्हणाल्या, "तुला हे नाही जमायचं. तू वर बस. कावळे हाक."

खाली चुलीपाशी अक्का, दोन चुलत सासवा, शेजारणी. गप्पा, हसणं, गरम चिकाच्या वाट्या. आणि वर मी, डोक्यावर पदर, हातात काठी, समोर वाळत घातलेल्या कुरडया आणि कठड्यावर बसलेले कावळे. पुढचे दहा-बारा उन्हाळे हेच. एवढं करूनही अक्कांचा माझ्यावर भरवसा नाही. दुपारभरात तीन-चारदा जिन्याखालून ठणाणा करायच्या, "प्रमिले, झोपलीस काय गं! कावळे बघ!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मी दचकून उठायचे, काठी घ्यायचे आणि ओरडायचे, "जागीच आहे हो!"

आता हे मला मुळीच न जमणारं काम मी खानदानी कला म्हणून नातवंडांना शिकवायला निघाले होते. आणि मला ते येत नाही हे डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई आता उरली होती. त्या बाईशी मी सात वर्षं बोलत नव्हते.

तेही कुरडयांवरूनच. एका पुतण्याच्या लग्नात मी गौतमीच्या आईला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, चीक कसा घोटतात ते हातवारे करून सांगत होते. मागून अक्का म्हणाल्या, "हिचं काय ऐकता! ही नुसती कावळे हाकायची." पंगतच्या पंगत हसली. विहीणबाई हसल्या. गौतमी हसली. मी जिलबी तशीच टाकून उठले. त्यानंतर चाळीसगावला पाऊल टाकलं नाही. दिवाळीला हे फोन करायचे आणि मी शेजारी बसून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"फेकून दे ते," हे पेपर घडी करत म्हणाले. "माणसं आजारी पडतील."

"आणि उद्या सगळ्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते उठून बाल्कनीत गेले. तिथून म्हणाले, "बरं, तुला एक सांगायचं होतं. बुधवारी मी वहिनींना फोन केला होता."

वहिनी म्हणजे अक्का.

"कशाला?"

"पाणी किती वेळा बदलायचं ते विचारायला. त्यांनी विचारलं, कोण करतंय? मी म्हटलं, प्रमिला. मग त्या हसल्या."

"हसल्या?"

"बराच वेळ. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, शनिवारी येते."

मी ते गहू गाळून मागच्या नाल्यापलीकडे ओतून आले, पातेलं तीनदा घासलं, घरभर उदबत्त्या लावल्या. संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं आणि अक्का आत आल्या. त्र्याहत्तर वर्षं, गुडघे वाकलेले, नऊवारी जाऊन पाचवारी आलेली. मागून त्यांचा मुलगा मोठा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी सांभाळत आला. डबा ठेवून, चहा घेऊन तो लगेच परत निघाला.

अक्कांनी हवा हुंगली. "उदबत्त्या का एवढ्या?"

हे पेपर शोधायला लागले.

"डबा सावलीत ठेवा रे. चीक आहे. बुधवारीच गहू घातले मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला वाटलंच."

सात वर्षांनंतर मला उद्देशून बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी वाकून नमस्कार केला, कारण नमस्कार करताना तोंड दिसत नाही.

रविवारी पहाटे पाचला अक्कांनी गॅसवर पातेलं चढवलं. घरादाराला उठवलं ते मीच, मोबाइल जमा करून कपाटात ठेवले ते मीच. रेवाच्या उशीखालचं पुस्तक गौतमीने काढून फ्रिजवर ठेवलं. "आजींनी सांगितलंय ना, आज नाही," ती म्हणाली. गौतमी नियमाची पक्की होती. माझा नियम माझ्याहून कडक पाळायची.

पाण्याला उकळी आली, मीठ-हिंग पडलं, चिकाची धार सुरू झाली. अक्का म्हणाल्या, "हं, प्रमिले, घोट."

स्वयंपाकघरात सगळे उभे होते. मी पदर खोचला, लाकडी दांडा धरला आणि फिरवला. पहिले दोन वेढे बरे गेले. मग पातेल्यात एकदम काहीतरी घट्ट झालं, दांडा अडकला आणि पातेलंच फिरायला लागलं.

"गुठळ्या होतायत, आजी," जुई म्हणाली.

"होऊ दे. आमच्याकडे अशाच करतात."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी वाट पाहत होते, आता बोलतील, आता सगळ्यांसमोर बोलतील. त्या फक्त पुढे आल्या, दांडा घेतला आणि म्हणाल्या, "तुझा खांदा दुखतो ना, राहू दे." माझा खांदा दुखत नव्हता. पण त्या क्षणापासून दुखायला लागला.

त्र्याहत्तर वर्षांची ती बाई, पण दांडा असा फिरवला की गुठळी नावाला उरली नाही. चीक काचेसारखा झाला. परागने वाटीत घेऊन वर तेल घातलं आणि डोळे मिटून खाल्ला. मुलीने दुसरी वाटी घेतली. दोघं भावंडं वाटीवरून भांडायला लागली, चाळिशीची. हे पाहून मला फार समाधान वाटलं, जणू चीक मीच केला होता.

मग सोऱ्या भरला. जुईचा हात भराभर चालला, एकसारखे गोल गोल फेरे. रेवाच्या हातून मात्र एक कुरडई तुटली, दुसरी लांबोडकी झाली, तिसरीच्या वेळी ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि चिकाचा ढीगच पडला.

"ही कुरडई आहे की गांडूळ?" जुई म्हणाली. सगळे हसले. रेवाही हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

अक्का स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, तुला हे नाही जमायचं. तू वर बस. कावळे हाक."

मला काय झालं कुणास ठाऊक. अठ्ठेचाळीस वर्षं मागे गेले मी. हातातलं ताट ओट्यावर आपटलं.

"नाही! तिला वर बसवायचं नाही."

मी अक्कांकडे वळले.

"माझं केलंत ते पुरे झालं, अक्का. अठरा वर्षांची होते मी. एकदा शिकवलं असतंत तर मलाही आलं असतं. सगळ्या बायका खाली हसायच्या-बोलायच्या आणि मी वर उन्हात कावळ्यांबरोबर. वर गल्लीभर ओरडून माझा उद्धार. हो, मला कुरडया येत नाहीत! कधीच येत नव्हत्या! ऐकलंत सगळ्यांनी? झालं समाधान?"

पराग म्हणाला, "आई, तुला कुरडया येत नाहीत?" त्याच्या चेहऱ्यावर असा धक्का होता, जसा काही तो दत्तक असल्याचं मी सांगितलं होतं.

"आम्हाला माहीत होतं," गौतमी हळूच म्हणाली. "त्या लग्नापासून."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "बोलून झालं?" त्या म्हणाल्या. "मग आता दोघी वर जा. ऊन वाढतंय, कावळे यायला लागतील."

काय करणार? पहिला कागद वर पसरून झाला होता आणि कावळे खरंच आले होते. मी काठी घेतली. काठी कसली, पडद्याचा जुना दांडा. रेवा चटई घेऊन मागून आली. अक्का आमच्या दाराबाहेर, गच्चीच्या जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या. वर चढणं त्यांना शक्य नव्हतं.

गच्चीत टाकीच्या सावलीत चटई उलगडली, तर तिच्या गुंडाळीतून पुस्तक बाहेर पडलं. फ्रिजवरचं.

रेवाने माझ्याकडे बघितलं. "आजी, आईला सांगू नको."

मी कोणत्या तोंडाने सांगणार? धाब्यावर माझ्याही चटईत पुस्तक असायचं. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले आणि वडिलांनी लग्न लावून दिलं. यांनी घरात न सांगता ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की सासूबाईंचं डोकं फिरायचं, घर बसतं म्हणायच्या. म्हणून मी चटईत पुस्तक लपवून धाब्यावर न्यायचे आणि कावळ्यांसमोर स्पेलिंगं पाठ करायचे. तिसऱ्या खेपेला पास झाले. पुढे शाळेच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात मी हे सगळं सांगितलं होतं. तीन उन्हाळे सासूबाई वरचेवर धाब्यावर डोकावत होत्या, पण पुस्तक त्यांना एकदाही दिसलं नाही, ही माझी चपळाई. टाळ्या पडल्या होत्या.

"वाच," मी रेवाला म्हटलं. "मी बघते कावळे."

ती पोटावर आडवी होऊन वाचायला लागली. पाच मिनिटांत तिचं जगाकडे लक्ष राहिलं नाही. मग मीही तिच्या खांद्यावरून वाचायला लागले. पान उलटायला ती फार घाई करायची.

"प्रमिले, झोपलीस काय गं! कावळे बघ!"

मी दचकले. काठी घेऊन उभी राहिले. "जागीच आहे हो!" तोंडातून आपोआप निघालं. रेवाही दचकली, पुस्तक चटईखाली गेलं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि गौतमी कुरडयांचं ताट घेऊन वर आली.

"कंटाळा नाही ना आला?" तिने रेवाला विचारलं.

"नाही," रेवा म्हणाली.

गौतमी गेली. पुस्तक बाहेर आलं. मी कावळ्यांकडे बघितलं. कठड्यावर एकही कावळा नव्हता.

अर्ध्या तासाने पुन्हा खालून हाक आली. "प्रमिले, झोपलीस काय गं!" या वेळी मी ओरडले नाही. तशीच उभी राहून कान दिले. पुस्तक चटईखाली सरकलं. एक, दोन, तीन, चार. पावलं. गौतमी, ताट घेऊन.

ती खाली गेल्यावर मी काठी रेवाच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागले. माझे गुडघेही तेव्हा काही फार चांगले नव्हते. कठडा धरून एकेक पायरी. अक्का खुर्चीत पाठमोऱ्या, पदराने वारा घेत बसल्या होत्या. मी शेवटच्या पायरीवर बसले.

"अक्का," मी म्हणाले. "तुम्हाला पुस्तकाचं ठाऊक होतं?"

"कुठलं?" त्यांनी मान वळवली नाही. "चटईतलं का तांदळाच्या डब्यातलं?"

तांदळाच्या डब्यात मी व्याकरणाचं पुस्तक ठेवायचे. एक दिवस ते मला चटईत सापडलं होतं. मीच ठेवून विसरले असेन, असं मला वाटलं होतं.

"सासूबाईंनी तांदूळ निवडायला काढले होते त्या दिवशी," अक्का म्हणाल्या. "वेंधळी होतीस तू. पहिल्यापासून."

मी पायरीवरची धूळ पदराने पुसली. मग मी म्हणाले, "सांगायचंत ना."

"काय सांगायचं? तुला सांगितलं असतं तर तू भाऊजींना सांगितलं असतंस, ते आईला बोलले असते. पोटात काही राहतं का तुझ्या?"

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

"नंतर तू साऱ्या गावाला सांगत सुटलीस, माझी चपळाई, माझी चपळाई. म्हटलं, सांगू दे."

"मग त्या लग्नात सगळ्यांसमोर..."

"मी काय खोटं बोलले?" आता त्या वळल्या. "कावळेच हाकायचीस. आणि तेही धड नाही. पुस्तकातून मान वर काढशील तर ना! दरवर्षी पन्नासेक कुरडया कावळे न्यायचे. सासूबाई मोजायच्या, माहीत आहे? मी सांगायचे, यंदा चीकच कमी पडला. मग माझा उद्धार. गहू चोरून माहेरी पाठवले का, इथपर्यंत." त्यांनी पदर खाली ठेवला. "आणि विहिणीपुढे बसून तू माझ्यादेखत चीक घोटायला शिकवत होतीस."

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला लागले, तेवढ्यात वरून पंखांचा मोठा फडफडाट झाला आणि रेवाची किंकाळी ऐकू आली.

"आजी! कावळे! खूप कावळे!"

"प्रमिले!" अक्का खुर्चीतून अर्ध्या उठून ओरडल्या. "पळ!"

सहासष्टाव्या वर्षी मी तो जिना कशी चढले मला माहीत नाही. गच्चीत रेवा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेऊन, बोट पानात अडकवून, धावत होती. कावळे तिच्या पुढे दोन पावलं उडत आणि पुन्हा बसत. आम्ही दोघींनी मिळून त्यांना हाकललं तेव्हा पहिल्या कागदाच्या दोन रांगा साफ झाल्या होत्या. मधोमध रेवाचं ते गांडूळ मात्र तसंच होतं. त्याला कावळ्यांनीही हात लावला नव्हता.

संध्याकाळी कुरडया खाली आल्या. हॉलमध्ये सगळे गोल करून बसले. टीव्ही बंद होता आणि तो लावायचं कुणाला आठवलं नाही. जुईने मोजल्या. तिने सकाळी पाडतानाही मोजल्या होत्या.

"एकशे चाळीस पाडल्या होत्या आपण," ती म्हणाली. "या एकशे सोळाच आहेत."

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघितलं. हे पेपरच्या मागे गेले. गौतमी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का ताट पुढे ओढत म्हणाल्या, "पोरी, तुझं मोजायला चुकलं. चीकच कमी पडला यंदा."